एका प्रोसेसरची बदली

२०२५ च्या मे महिन्यात आमच्या मराठी विभागातल्या सर्व्हरचा प्रोसेसर बदलण्यात आला. घटना एवढीच. ती घडवून आणणारे आम्ही दोघे मराठीचे एम.ए. आहोत. एकीचा विशेष विषय लोकसाहित्य, दुसऱ्याचा प्राचीन वाङ्मय. बदली, बढती आणि निवृत्ती यांपलीकडे कोणाच्या जागी कोणाला बसवण्याचा प्रसंग आमच्यावर कधी आला नव्हता. तरीही त्या महिन्याभरात जे घडले ते साहित्याच्या अभ्यासकांना सांगावेसे वाटते, कारण त्यात आमची एक चूक आहे, आणि ती चूक यंत्राच्या बाबतीतली नाही.

आधी यंत्राविषयी. विभागाच्या टोकाच्या खोलीत, गोदरेजच्या दोन कपाटांमागे हा सर्व्हर उभा आहे. २०१५ साली एका संशोधन प्रकल्पाच्या अनुदानातून तो घेतला. सर्व्हर म्हणजे काय, असे विद्यार्थी विचारतात तेव्हा आम्ही सार्वजनिक आडाचे उदाहरण देतो. घरोघरचे संगणक म्हणजे घागरी. ज्याला पाणी हवे त्याने या आडावर यावे. या आडात मराठवाड्याच्या लोकभाषेचे साहित्य आहे. १९७० नंतर आमच्या आणि शेजारच्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी जात्यावरच्या ओव्या, म्हणी, उखाणे, शेतीचे आणि घराचे शब्द गोळा केले. त्यांच्या प्रबंधिका, टिपणे आणि शब्दयाद्या मिळून सुमारे चोवीस हजार पाने होतात. त्यांची छायाचित्रे यंत्रात आहेत.

पुणे जिल्ह्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी सुरू केलेल्या कामातून एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या आणि पुढे त्या 'पारी'च्या संकेतस्थळावर क्रमाने प्रसिद्ध होऊ लागल्या. त्या मानाने आमचा आड लहान आहे. पण जालना, बीड, परभणीच्या खेड्यांतले जे पाणी यात आहे ते दुसरीकडे नाही.

हे साहित्य जमवून घेणारे सर १९९९ मध्ये निवृत्त झाले. आम्ही दोघेही त्यांचे विद्यार्थी. आज त्यांचे वय चौऱ्याऐंशी आहे. एका डोळ्याला जवळजवळ दिसत नाही, दुसऱ्याने मोठे अक्षर वाचता येते. गेल्या वर्षी मार्चमध्ये त्यांनी सांगितले, "जूनअखेर मुलीकडे पुण्याला जातोय. आता इथं एकट्यानं निभत नाही. काही विचारायचं असेल तर तोवर विचारून घ्या."

विचारायचे पुष्कळ होते. पण विचारण्यापूर्वी पाने वाचली जायला हवी होती, आणि चोवीस हजार पाने वाचायला आम्हा दोघांना तासिका सांभाळून काही वर्षे लागली असती.

म्हणून ते काम यंत्राकडे दिले. टेसरॅक्ट नावाची एक मुक्त आज्ञावली आहे. ती १९८५ ते १९९४ या काळात ह्यूलेट-पॅकार्डमध्ये घडली आणि २००५ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. २०१८ च्या चौथ्या आवृत्तीपासून ती एकेक अक्षर सुटे न काढता आख्खी ओळ एकदम वाचते, आणि तिला मराठी शिकवलेली आहे. शिकवणी मात्र स्वच्छ छापील अक्षरांची. आमची जुनी पाने टंकलेखन यंत्रावरची, तीही बहुधा कार्बनची दुसरी किंवा तिसरी प्रत. काना पुसलेला, रफार उडालेला, शिरोरेषा मधेच तुटलेली. एकदा वाचून भरवसा ठेवावा अशी ती नव्हेत.

तेव्हा आम्ही आमच्या विद्येचा उपयोग केला. प्रत्येक पान चार वेगवेगळ्या रीतींनी वाचून घ्यायचे: एकदा मूळ छायाचित्र, एकदा अक्षर गडद करून, एकदा डाग पुसून, एकदा आकार दुप्पट करून. चार पाठ मिळाले की ते शेजारी ठेवायचे, जिथे एकमत तिथे पुढे जायचे, जिथे पाठभेद तिथे थांबून सरांना विचारायचे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली तीही अनेक प्रती समोर ठेवूनच. ते पैठण आमच्यापासून पन्नासेक किलोमीटरवर. आपण त्याच वाटेने चाललो आहोत, असे मनाशी म्हणताना आम्हाला थोडे बरेही वाटले, हे कबूल करतो.

हिशेब मात्र जुळेना. चोवीस हजार पाने, प्रत्येकाचे चार पाठ, म्हणजे शहाण्णव हजार वाचने. आमच्या सर्व्हरमधला प्रोसेसर इंटेलचा झिऑन ई५-२६०३ व्ही३ होता. त्याला सहा गाभे, वेग १.६ गिगाहर्ट्झ. गाभा म्हणजे एका वेळी एक काम हाती घेणारा हात. एका हाताला एका वाचनासाठी साधारण एक मिनिट लागे. सहा हात अखंड चालले तरी सुमारे २६७ तास. शिवाय इमारतीत एकदा शॉर्टसर्किट झाल्यापासून संध्याकाळी सगळी यंत्रे बंद करण्याचा नियम आहे, त्यामुळे दिवसाला सात तास मिळत. म्हणजे अडतीस दिवस, आणि सुट्या वगळून मोजले तर जुलै उजाडणार. तोवर सर पुण्याला पोचलेले असणार.

आमचा एक जुना विद्यार्थी क्रांती चौकाजवळच्या एका गल्लीत संगणक दुरुस्त करतो. बी.ए.ला मराठी घेतलेला मुलगा. त्याला बोलावले. त्याने झाकण काढून आत पाहिले आणि म्हणाला, "सर, मॅडम, नवं मशीन कशाला? या सॉकेटमध्ये व्ही४ पण बसतो. बारा कोरचा जुना मिळतोय, चार हजारांच्या आत."

त्याने समजावले ते असे. प्रोसेसर ज्या बैठकीत बसतो तिला सॉकेट म्हणतात. आमच्या यंत्रातल्या बैठकीत २०११ बारीक पिना आहेत, आणि २०१४ च्या व्ही३ या पिढीसाठी केलेली ही बैठक २०१६ च्या व्ही४ पिढीलाही चालते. मोठ्या कंपन्या आपले जुने सर्व्हर मोडीत काढतात, तेव्हा त्यांतले असे प्रोसेसर बाजारात येतात. फक्त बदलण्यापूर्वी, जुना प्रोसेसर जागेवर असतानाच, मदरबोर्डवरची बायोस ही मूलभूत आज्ञावली नवी करून घ्यावी लागते. नाहीतर यंत्र नव्या पाहुण्याला ओळखत नाही आणि पडदा काळाच राहतो. शिवाय नवा प्रोसेसर १०५ वॅट उष्णता टाकतो, जुना ८५ वॅट टाकत असे, तेव्हा पंखा आणि उष्णता वाहून नेणारा धातूचा ठोकळा पुरेसा आहे ना, तेही पाहावे लागते.

वापरलेला सुटा भाग महाविद्यालयाच्या खरेदीत बसत नाही. तीन दरपत्रके कोण देणार? आम्ही दोघांनी निम्मे निम्मे पैसे घातले.

आमची धास्ती वेगळीच होती. मेंदू काढला की स्मृती जाईल, असे दोघांनाही मनातून वाटत होते. आदल्या रात्री सगळ्या धारिका दोन वेगवेगळ्या डिस्कांवर उतरवून घेतल्या. मुलगा हसला. म्हणाला, "मॅडम, प्रोसेसर काही लक्षात ठेवत नाही. लाइट गेली की त्याला काहीच आठवत नाही. सगळं डिस्कवर असतं." तो फक्त आकडे घेतो, त्यांवर क्रिया करतो आणि पुढे देतो. युनिकोडात 'द' चा क्रमांक २३४२ आणि 'ट' चा २३३५. ओवीतले अक्षर असो की वीजबिलाचा आकडा, प्रोसेसरला त्या दोहोंत फरक पडत नाही.

पुण्याच्या सी-डॅकची गोष्ट त्या वेळी आम्हाला आठवली. १९८८ मध्ये ही संस्था स्थापन झाली आणि विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक उभा राहिला. त्यात इनमॉस या ब्रिटिश कंपनीचे ट्रान्सप्युटर जातीचे प्रोसेसर होते. ती जात पुढे मागे पडली. परमच्या पुढच्या यंत्रांत इंटेलचा आय८६० आला, १९९८ च्या 'परम १००००' मध्ये सनचा अल्ट्रास्पार्क आला. चिप बदलत गेली आणि 'परम' हे नाव राहिले.

आमच्या पानांवर नेमके उलट झाले आहे. जुन्या प्रबंधिकांच्या मुखपृष्ठावर 'मराठवाडा विद्यापीठ, औरंगाबाद' असे आहे, १९९४ च्या नामविस्तारानंतर 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ, औरंगाबाद', आणि २०२३ नंतरच्या कागदांवर 'छत्रपती संभाजीनगर'. आतल्या ओव्या त्याच गावांच्या, त्याच बायकांच्या. शोधणाऱ्याने कोणतेही नाव लिहिले तरी सगळी पाने सापडावीत, एवढी सोय मात्र आम्हाला करावी लागली.

ठरल्या दिवशी सकाळी आठला सुरुवात केली, कारण अकरानंतर त्या खोलीत बसवत नाही. बायोस आदल्या दिवशीच नवी केली होती. मुलाने वीज तोडली, मनगटाला तार बांधून तिचे दुसरे टोक पेटीच्या धातूला लावले; अंगावरची स्थिर वीज चिपला जाळू शकते म्हणून. धातूच्या ठोकळ्याचे चार स्क्रू त्याने समोरासमोरचे असे थोडे थोडे सैल केले. ठोकळा सुटला तेव्हा खाली दहा वर्षांपूर्वीचा उष्णतावाहक लेप वाळून भाकरीच्या पिठासारखा झाला होता. तो त्याने अल्कोहोलने पुसला. दोन खटके उचलले, चौकट उघडली, आणि जुना प्रोसेसर दोन बोटांनी उचलून कागदावर ठेवला. बिस्किटाएवढा. त्याला पिना नसतात, खालच्या बाजूला सोनेरी ठिपके असतात. पिना असतात त्या बैठकीत, केसाइतक्या बारीक, एकाच दिशेला कललेल्या. दाट पेरलेले पीक वाऱ्याने वाकावे तशा त्या दिसत होत्या.

ते पाहायला आमच्यापैकी एक जण बॅटरी धरून वाकली आणि साडीचा पदर त्या उघड्या बैठकीवरून फिरला. क्षणभरच. पदर वर घेतला, मुलाने पाहिले, काही दिसले नाही. त्याने नव्या प्रोसेसरच्या कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण बैठकीच्या खुणेशी जुळवला, तो अलगद ठेवला, खटके दाबले, ज्वारीच्या दाण्याएवढा नवा लेप लावला, ठोकळा बसवला, वीज दिली.

यंत्र सुरू झाले. बारा गाभे दिसले. आम्ही टाळी वाजवणार, तेवढ्यात मुलगा म्हणाला, "रॅम चोवीस दाखवतंय."

बत्तीस हवी होती. आठ-आठ जीबीच्या चार पट्ट्यांपैकी एक गायब. पट्टी बदलून पाहिली, तरी तेच. मग त्याने सगळे पुन्हा उघडले, भिंगातून बैठक पाहिली आणि आम्हाला दाखवली. दोन हजार अकरा पिनांपैकी एक शेजारणीकडे झुकली होती. त्या पिनेतून जाणारी स्मृतीची एक वाट बंद होती. बाकी यंत्र तक्रार न करता चालले होते. त्याने विभागातल्या शिपाईमावशींकडून शिवणाची सुई मागून घेतली आणि दहा मिनिटे श्वास रोखून ती पिन सरळ केली. हात जरा जास्त पडला असता तर पिन तुटली असती आणि मदरबोर्ड फुकट गेला असता. या वेळी बत्तीस दिसले. आम्ही टाळी वाजवली नाही.

वाचन बारा दिवसांत संपले, म्हणजे सात-सात तासांचे बारा दिवस. जूनच्या पहिल्या आठवड्यात चारही पाठ शेजारी मांडून तयार होते आणि आम्ही रोज संध्याकाळी सरांकडे जाऊ लागलो. आमची पद्धत अशी: पाठभेद असलेला शब्द मोठ्या अक्षरात दाखवायचा, पान वाचून दाखवायचे, सर निर्णय देतील तो लिहून घ्यायचा. मात्र पाठभेद हजारोंच्या संख्येने निघाले. सरांचा वेळ वाचावा म्हणून जिथे आम्हाला खात्री वाटली तिथे आम्हीच निर्णय करून टाकला. त्यात ही ओवी होती.

ओवीचा आशय असा. सासुरवाशीण म्हणते, रात्रभर पाऊस पडतो आहे, भावाने यावे; आणि मग एक शब्द, आणि त्यापुढे 'गळे'. त्या एका शब्दाचे यंत्राने चार पाठ दिले: 'मळवट', 'माळवट', 'मळवट', 'माळवद'. मळवट म्हणजे कपाळभर भरलेले कुंकू. चारांत दोन मते मळवटाला. 'गळे' हे जुन्या वळणाचे क्रियापद. 'गळतो' की 'गळतं' असे असते तर लिंगावरून उलगडा झाला असता, इथे तोही आधार नव्हता. आम्ही मळवट स्वीकारला. एवढेच करून थांबलो नाही. पावसात कपाळावरचे कुंकू ओघळते आहे, ही केवढी प्रतिमा! सौभाग्याची चिंता, माहेरची ओढ, वैधव्याची भीती, सगळे एका शब्दात. एकाने टिपणात दीड पान लिहिले, दुसरीने ते एका चर्चासत्राच्या निबंधात घालायचे ठरवले.

ते टिपण आम्ही सरांना कौतुकाने वाचून दाखवले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग विचारले, "गाव कोणतं लिहिलंय?" आम्ही सांगितले. म्हणाले, "अगं, माळवद असेल ते. घर गळतंय तिचं."

थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग सर सांगत गेले. मराठवाड्यातली जुनी घरे माळवदाची. लाकडी तुळयांवर फळ्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. पावसाळ्यापूर्वी त्यावर नवी माती चढवावी लागते, दाबून बसवावी लागते. ते काम घरच्या गड्याचे. गडी नसला, किंवा असूनही लक्ष देणारा नसला, की पहिल्याच झडीत माळवद गळू लागते. खाली पातेली मांडून बायकोपोरांनी रात्र काढायची. "माझी आई रात्रीतून दोनदा आमचं अंथरूण हलवायची," सर म्हणाले. "ती बाई भावाला सांगतीय, माझ्या घरावर माती टाकणारं कुणी नाही. दुसरं काय सांगायचं राहिलं?"

घरी येऊन मूळ पानाचे छायाचित्र पुन्हा पाहिले. मोठे करून पाहिले तेव्हा 'म' नंतरच्या कान्याची पुसट रेघ दिसली. शेवटचे अक्षर डागाखाली होते, पण द चे खालचे शेपूट डागाबाहेर आले होते. आधीही ते तिथे होतेच. ट आणि द यांच्यात युनिकोडात सात घरांचे अंतर, वर्णमालेतही तेवढेच. ते अंतर आम्ही दोघांनी मोठ्या आवडीने ओलांडले होते. सोपा आणि गोड पाठ दिसला की आधी त्याच्यावर संशय घ्यावा, हे आम्ही दरवर्षी एम.ए.च्या वर्गाला शिकवतो. आमच्यातल्या एकाने तर त्यावर प्रश्नपत्रिकाही काढली आहे.

यंत्राला दोष देता येत नाही. चारांपैकी एक पाठ त्याने बरोबर दिला होता. नव्या प्रोसेसरमुळे तो जुलैऐवजी जूनमध्ये मिळाला, आणि सर इथे होते म्हणून चूक कळली. जुनाच प्रोसेसर चालू राहिला असता तर मळवट छापून गेला असता, त्यावर निबंध झाला असता, कदाचित कोणी त्याचा आधारही घेतला असता. आणि सगळे काही ठीक चालले आहे असेच वाटत राहिले असते, चोवीस जीबीवर चालणाऱ्या त्या यंत्रासारखे.

दुसऱ्या दिवशी आम्ही स्वतः केलेले सगळे निर्णय रद्द केले. चौदाशेच्या वर निघाले. सर जाईपर्यंत त्यांतले निम्मेही तपासून झाले नाहीत. जूनच्या अठ्ठावीस तारखेला त्यांना गाडीत बसवून दिले.

आता दर रविवारी सकाळी दहा वाजता फोन होतो. आम्ही गावाचे नाव सांगतो, ओवी वाचतो, चारही पाठ वाचतो. आपला अंदाज सांगायचा नाही, असे दोघांनी ठरवले आहे. कधी सर लगेच शब्द सांगतात, कधी "थांब जरा" म्हणून गप्प होतात, आणि अलीकडे कधीकधी "आठवत नाही गं" असेही म्हणतात. तिथे आम्ही चारही पाठ तसेच ठेवतो. मळवटावरचे ते दीड पान मात्र आम्ही पुसले नाही. यंदा पाठचिकित्सेच्या पहिल्या तासाला तेच वाचून दाखवणार आहोत, जुना प्रोसेसर टेबलावर ठेवून.